टाकीत ऑक्सिजन नसतो, आणि नसतो तेच बरं

नदीत किंवा समुद्रात कुणी बुडालं आणि शोधासाठी पाणबुडे उतरले, की बातमीत हमखास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ येतो. हौशी स्कूबा डायव्हिंगच्या फोटोखालीही तेच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्या टाकीत असते तुमची-आमची रोजची हवा. गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली. २१ टक्के ऑक्सिजन, ७८ टक्के नायट्रोजन आणि उरलेलं आर्गॉन वगैरे. सर्रास वापरात असलेल्या ॲल्युमिनियमच्या टाकीची क्षमता ११ लिटरची. तिच्यात वातावरणाच्या साधारण २०० पट दाबाने सव्वादोन हजार लिटर हवा कोंबलेली असते. नुसत्या या हवेचं वजन अडीच किलोच्या वर जातं.

चूक साधी वाटेल, पण तिच्यामागची समजूत घातक आहे. समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाएवढा वाढतो, म्हणून ३० मीटरवर तो चौपट असतो. त्यातला ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब १.६ वातावरणांच्या पुढे गेला की मज्जासंस्थेवर परिणाम होऊन कधीही झटके येऊ शकतात. शुद्ध ऑक्सिजन घेतला तर ही मर्यादा ६ मीटरवरच गाठली जाते. पॉल बेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाबाखालच्या ऑक्सिजनचं हे विषारी रूप दाखवून दिलं होतं. ‘जितका जास्त ऑक्सिजन तितकं चांगलं’ या समजुतीवर आज डबाबंद ऑक्सिजन आणि ‘ऑक्सिजनयुक्त पाणी’ विकलं जातं. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९५ टक्क्यांहून अधिक भरलेलं असतं. उरलेल्या दोन-चार टक्क्यांसाठी कुणी पैसे मोजू नयेत.

पण पाणबुड्याच्या दिवसाचं वेळापत्रक ठरवतो तो ऑक्सिजन नव्हे, नायट्रोजन. आपण दर श्वासाला तो आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो. शरीराला त्याचा काही उपयोग नाही, म्हणून आपल्याही तो खिजगणतीत नसतो. त्याचा हिशोब किती कडक असतो हे कॅलिफोर्नियाच्या चॅनेल बेटांकडे जाणाऱ्या डाइव्ह बोटीवर नीट कळतं.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर प्रशांत महासागरात ही आठ बेटं आहेत. त्यांतल्या पाच बेटांचं १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. व्हेंचुरा, सांता बार्बरा, सॅन पेड्रो या बंदरांतून बोटी सुटतात. लांबच्या सहलींत प्रवासी डेकखालच्या बर्थवर झोपतात, बोट रात्रीत बेट गाठते आणि सकाळी नांगर टाकला की दिवसभरात चार-पाच डाइव्ह होतात. लोक पहिला प्रश्न शार्कचा विचारतात. या पाण्यातली सर्वांत मोठी दुर्घटना मात्र बोटीवर झाली. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे सांता क्रूझ बेटापाशी ‘कन्सेप्शन’ बोटीला आग लागली आणि खाली झोपलेले ३४ जण गेले. रात्री जागता पहारा ठेवलेला नव्हता, हे चौकशीत निष्पन्न झालं.

लोक इथे येतात ते केल्पच्या जंगलासाठी. ‘जायंट केल्प’ ही वनस्पती नाही, ते तपकिरी शैवाल आहे. त्याला मुळं नसतात. तळाच्या खडकाला ते फक्त घट्ट पकडून असतं आणि हवेने भरलेल्या फुग्यांच्या जोरावर सरळ उभं राहतं. परिस्थिती अनुकूल असली तर दिवसाला अर्धा मीटरसुद्धा वाढतं. पृष्ठभागाला पोचल्यावर ते आडवं पसरतं आणि वर छत तयार होतं. तळाशी ऊन पोचायला हवं, म्हणून ही जंगलं साधारण २०-२५ मीटरच्या आतल्या पाण्यात वाढतात. डायव्हरच्या दृष्टीने हे भाग्यच, कारण त्या खोलीवर नायट्रोजन बऱ्यापैकी वेळ देतो. रूढ कोष्टकांनुसार ३० मीटरवर २० मिनिटांत परत फिरावं लागतं, १८ मीटरवर जवळपास ५५ मिनिटं मिळतात.

हे आकडे कुठून आले? द्रवावरचा वायूचा दाब दुप्पट केला की दुप्पट वायू द्रवात विरघळतो, हा हेन्रीचा नियम शाळेत झालेला असतो. जमिनीवर आपल्या शरीरात साधारण लिटरभर नायट्रोजन विरघळलेला असतो. २० मीटरवर दाब तिप्पट, त्यामुळे शरीर तीन लिटरच्या दिशेने निघतं. वर येताना दाब घटतो आणि जादा नायट्रोजनला बाहेर पडावं लागतं. सावकाश वर आलं तर तो रक्तातून फुप्फुसांत येऊन उच्छ्वासावाटे निघून जातो. घाई केली तर गोटी सोडा फोडल्यावर होतं ते ऊतींत आणि रक्तात होतं. सांधे दुखतात, मज्जारज्जूत बुडबुडे झाले तर पाय लुळे पडतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया खोदताना दाबाखालच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांना हा आजार झाला आणि मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ मध्ये त्यातूनच अंथरुणाला खिळला.

‘सावकाश’ म्हणजे किती, याचं उत्तर शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी शोधलं आणि १९०८ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलं. प्रयोग बकऱ्यांवर झाले. बुडबुड्यांनी पाय दुखू लागला की बकरी तो उचलून धरते, त्यामुळे निदान सोपं जाई. त्यांचे पुत्र, पुढे जनुकशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले जे. बी. एस. हॉल्डेन, लहानपणापासून वडिलांच्या प्रयोगांत असत. पुढे १९३९ मध्ये ‘थेटिस’ पाणबुडी बुडाल्यानंतर त्यांनी दाबकोठडीत बसून स्वतःवरच प्रयोग केले आणि ऑक्सिजनचे झटकेही सोसले. हेच जे. बी. एस. १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

थोरल्या हॉल्डेनची कल्पना मला फार आवडते, म्हणून जरा आकड्यांत शिरतो. सगळं शरीर एकाच वेगाने नायट्रोजन घेत नाही. मेंदूला भरपूर रक्त मिळतं, तो पटकन भरतो. चरबीत पाण्याच्या पाचपट नायट्रोजन मावतो आणि तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती हळूहळू भरते. हॉल्डेननी शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले आणि त्यांना ५, १०, २०, ४० व ७५ मिनिटांचे अर्धकाल दिले. अर्धकाल म्हणजे आतल्या-बाहेरच्या दाबातलं अंतर निम्मं व्हायला लागणारा वेळ. आता २० मीटरवर अर्धा तास राहिलात असं धरा. नायट्रोजनच्या वाट्याचा दाब (आर्गॉन धरून) पृष्ठभागावर ०.७९, तिथे २.३७ वातावरणं. अंतर १.५८. पाच मिनिटांच्या कप्प्याचे या वेळात सहा अर्धकाल होतात, म्हणजे तो ९८ टक्के अंतर कापतो, जवळजवळ काठोकाठ भरतो. ७५ मिनिटांचा कप्पा मात्र जेमतेम पाव अंतर कापून १.१७ पर्यंत पोचतो.

मग बोटीवर येऊन तासभर बसलात. जलद कप्पा केव्हाच रिकामा झाला. पण संथ कप्प्यातला जादा नायट्रोजन अजून अर्ध्याहून अधिक तिथेच आहे आणि दुसरी डाइव्ह त्याच्यावर चढते. चौथ्या डाइव्हपर्यंत पायऱ्या चढत जातात. पहिल्या डाइव्हला नियम जलद कप्पा ठरवतो, संध्याकाळच्या डाइव्हला संथ. म्हणून तीच खोली, तेच केल्प, पण संध्याकाळी मिळणारी मिनिटं कमी. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर हेच गणित अखंड करत असतो. फक्त कप्पे आता पाचऐवजी बहुधा सोळा असतात, झुरिकचे डॉक्टर ब्यूलमान यांच्या प्रारूपाप्रमाणे. कॉम्प्युटरला तुमची चरबी, थकवा, शरीरातलं पाणी यांचा पत्ता नसतो. तो सरासरी माणसाचा हिशोब मांडतो, म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत ताणू नये.

परतीच्या वाटेवर केल्पचा मोठा आधार. उघड्या समुद्रात आपण वर चाललोय की खाली, हे डोळ्यांना समजत नाही. इथे शेजारी सरळ उभा देठ असतो. मिनिटाला नऊ मीटरहून अधिक वेग नको आणि श्वास कधीही रोखायचा नाही, कारण शेवटच्या १० मीटरमध्ये फुप्फुसातल्या हवेचं आकारमान दुप्पट होतं. ५ मीटरवर आल्यावर तीन मिनिटं थांबायचं. इथे दाब दीड वातावरणं असतो. नायट्रोजन बाहेर पडण्याइतका उतार मिळतो, पण बुडबुडे फुगू नयेत इतका दाबही टिकतो. देठ हलक्या हाताने धरायचा. प्रत्येक पात्याच्या बुडाशी एक फुगा, पात्यावर पांढरी नक्षीदार जाळी. ती जाळी म्हणजे ब्रायोझोअन या सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. मधूनच एखादी गोगलगाय वर सरकताना दिसते. तीन मिनिटं पुरत नाहीत.

गंमत अशी, की केल्पचंही सगळं नायट्रोजनवरच अडलेलं आहे. आपल्यासारखंच केल्पही वायूरूप नायट्रोजन वापरू शकत नाही. त्याला शेतातल्या पिकासारखं नत्र हवं, नायट्रेटच्या रूपात. ते खोल, थंड पाण्यात असतं. वसंतात वायव्येचे वारे किनाऱ्याला समांतर वाहतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचं पाणी समुद्राकडे ढकललं जातं आणि त्या जागी खालून थंड पाणी येतं. दक्षिण कॅलिफोर्नियात पाणी साधारण १६ अंशांच्या वर गेलं की त्यात नायट्रेट जवळपास उरतच नाही. १९८२-८३ आणि १९९७-९८ च्या एल निन्योत म्हणूनच ही जंगलं उद्ध्वस्त झाली. दात वाजवणारं थंड पाणी आणि जाडजूड सूट ही या जंगलाची किंमत आहे. कोकणच्या समुद्रात ही किंमत द्यावी लागत नाही, पण तिथे केल्पही होत नाही. मालवणच्या खडकांवर दिसतं ते सरगॅसम, त्याचं तपकिरी पण बुटकं भावंड.

सहल संपल्यावरही संथ कप्पे हिशोब मागतात. विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशापर्यंत खाली जातो. एकच डाइव्ह केली असेल तर १२ तास, अनेक दिवस अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. हाच नियम साधारण ६०० मीटरपेक्षा उंच डोंगरालाही लागू होतो. तारकर्लीला पाच-सात मीटरवर वीस मिनिटं उतरणाऱ्या पर्यटकाच्या शरीरात नायट्रोजन नगण्य जमतो. पण प्रशिक्षण घेऊन दिवसभर २० मीटरच्या डाइव्ह करणाऱ्याने त्याच संध्याकाळी गाडी काढून आंबोली घाट चढू नये. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. तिथे दुसऱ्या दिवशी दुपारी जावं.