उघडे पोर्ट मोजण्याची सवय कुठून आली

हिंजवडी, बाणेर, खराडीतल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांना हल्ली परदेशी ग्राहकाकडून कराराच्या कागदांसोबत एक गुणपत्रिकाही येते. ग्राहकाने पैसे देऊन घेतलेल्या रेटिंग सेवेने तुमचे सर्व्हर बाहेरूनच चाचपलेले असतात. सिक्युरिटीस्कोरकार्ड 'ए' ते 'एफ' अशी अक्षरं देते, बिटसाइट २५० ते ९०० मधला आकडा. आत कोणी डोकावलेलं नसतं, ॲडमिनशी कोणी बोललेलं नसतं. तरी 'पोर्ट २२ उघडा आहे, खुलासा करा' अशी मेल येते आणि दुपार त्यात जाते. (पोर्ट म्हणजे सर्व्हरवरच्या एकेका सेवेचा क्रमांक घातलेला दरवाजा; उघडा म्हणजे त्यामागे कोणता तरी प्रोग्रॅम ऐकत बसलेला.) पोर्ट मोजून सर्व्हरची पारख करण्याची ही रीत अडाण्यांनी काढलेली नाही. ती ज्या काळात आली, त्या काळात ती बरोबरच होती.

पोर्टचे आकडे अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, दिवसांतले. कोणत्या सेवेला कोणता क्रमांक, याची यादी ठेवण्याचं काम जॉन पोस्टेल यांनी अंगावर घेतलं. १९७२ मध्ये त्यांनी त्यासाठी रीतसर प्रस्ताव मांडला आणि १९९८ मध्ये निधन होईपर्यंत ते काम त्यांच्याकडेच राहिलं. जुन्या सेवांचे क्रमांक विषम दिसतात (फाइल पाठवणारं एफटीपी २१, दूरच्या मशीनवर लॉगिन करणारं टेलनेट २३, मेल २५, वापरकर्त्यांची माहिती देणारं फिंगर ७९), कारण तेव्हाच्या एनसीपी प्रोटोकॉलमध्ये जोडणी एकाच दिशेची असे. जायला एक आणि यायला एक, असे दोन क्रमांक लागत. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट टीसीपी-आयपी या आजच्या इंटरनेटच्या प्रोटोकॉलवर गेलं, तोवर दुहेरी जोडणी आलेलीच होती आणि सम आकडे बरेचसे रिकामे पडून राहिले. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले. तेव्हा तातू युलोनेन यांनी टेलनेट आणि एफटीपीची जागा घेणारं, सगळं बोलणं कूटबद्ध करणारं एसएसएच लिहिलं, आणि या दोघांच्या मधला रिकामा २२ मागून घेतला. म्हणजे अहवालात लाल रंगात येणारा पोर्ट जन्माला आला तोच सुरक्षेसाठी!

त्या काळच्या युनिक्स मशीनवर उघडा पोर्ट म्हणजे बहुधा कोणी न मागितलेला प्रोग्रॅम असे. इनेटडी नावाची एक सेवा यादीतल्या सगळ्या पोर्टवर कान लावून बसायची आणि कोणी आलं की त्या त्या प्रोग्रॅमला उठवायची. एको, डिस्कार्ड, चारजेन, फिंगर, आरलॉगिन अशी सगळी वरात मशीनसोबतच यायची. २ नोव्हेंबर १९८८ ला सुटलेला मॉरिस वर्म (वर्म म्हणजे मशीनमधून मशीनमध्ये आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) त्यातूनच पसरला: मेल पोचवणाऱ्या सेंडमेलमधून, फिंगरमधून आणि दूरच्या मशीनवर आज्ञा चालवणाऱ्या, एकमेकांवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या आरएसएचमधून. डॅन फार्मर आणि विट्झे वेनेमा यांनी १९९३ मध्ये आपलीच साइट फोडून पाहा, असा लेख लिहिला आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये 'सेटन' हा नेटवर्कवरच्या मशीनमधल्या फटी शोधणारा स्कॅनर सगळ्यांना मोकळा केला. वर्तमानपत्रांनी तेव्हा चांगलाच गहजब केला. सप्टेंबर १९९७ मध्ये फ्रॅक या हॅकरांच्या नियतकालिकात एनमॅप या पोर्ट शोधणाऱ्या प्रोग्रॅमचा कोड छापून आला, आणि पोर्ट मोजणं दोन मिनिटांचं काम झालं.

आपल्याकडे व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीवरून लिनक्स टाकणाऱ्या पिढीला एकच मंत्र शिकवला जाई: बाहेरून एनमॅप चालव, जे ओळखीचं नाही ते बंद कर. मंत्र खोटा नव्हता. २००१ च्या जानेवारीत रामेन वर्मने रेड हॅट लिनक्स ६.२ आणि ७.० ची मशीन ताब्यात घेतली ती अशाच, अनेकदा कोणी वापरतही नसलेल्या सेवांतून. २५ जानेवारी २००३ चा स्लॅमर वर्म अवघा ३७६ बाइटचा होता, यूडीपी पोर्ट १४३४ वर यायचा. त्याचा पॅच, म्हणजे दोषाची दुरुस्ती, सहा महिने आधीच निघालेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोर्ट १३५ वरून ब्लास्टर आला. पुढच्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. उबुंटूनेही साध्या इन्स्टॉलमध्ये बाहेरून दिसणारा पोर्ट नको, असंच धोरण धरलं. मोजण्यासारखं फारसं उरलं नाही, मोजण्याची सवय मात्र टिकली.

दरम्यान सगळा कारभार पोर्ट ४४३ वर, म्हणजे सुरक्षित वेबच्या (एचटीटीपीएस) दरवाज्यावर, सरकला. बँक, मेल, एपीआय, व्हीपीएनसुद्धा एकाच आकड्यामागे जाऊन बसले. एप्रिल २०१४ चा हार्टब्लीड घ्या किंवा डिसेंबर २०२१ चा लॉगफोरशेल, हे जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधले दोन गाजलेले दोष. दोन्ही वेळी दोष उघड होण्याआधी आणि पॅच लावल्यानंतर पोर्टची यादी तीच होती.

यावर स्कॅनर बनवणाऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे सेवेने सांगितलेलं व्हर्जन वाचायचं आणि त्यावरून दोषांची यादी जोडायची. इथेच पुण्यातल्या ॲडमिनचा खरा वेळ जातो. रेड हॅट, डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या आवृत्त्या जुन्याच व्हर्जनमध्ये दुरुस्ती बसवतात. पुढचा आकडा बदलत नाही, बदलतो तो फक्त पॅकेजच्या शेपटाचा भाग. स्कॅनर पुढचा आकडा पाहतो आणि आधीच बुजवलेली डझनभर भोकं अहवालात छापतो. मग पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) काढा, दोषाचा क्रमांक दाखवा, ऑडिटरला पटवा. उलट २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या लायब्ररीत सापडलेलं, कोणीतरी मुद्दाम ठेवलेलं मागचं दार कोणत्याच व्हर्जन-यादीत नव्हतं. ते एसएसएचच्याच प्रोसेसमध्ये उतरत होतं. शनिवारवाड्याला पाच दरवाजे, पण ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांवर तलवार चालवली ती पगारी गारद्यांनी. दरवाजे मोजून ते कळलं नसतं. कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींवर रक्कम गेली, तिथेही मालवेअर आणि बनावट एटीएम स्विच हा मामला आतला. पोर्टच्या यादीत तो उमटत नाही.

म्हणून स्कॅन टाकून द्यावा असं मुळीच नाही. उघड्या पोर्टमागचा प्रोग्रॅम कितपत मजबूत आहे हे त्यातून कळत नाही, पण जो पोर्ट बाहेर दिसायलाच नको तो दिसतोय, हे स्कॅनइतकं स्वस्तात दुसरं काही सांगत नाही. २०१७ च्या जानेवारीत पोर्ट २७०१७ वर पासवर्डशिवाय बसलेल्या हजारो मोंगोडीबी डेटाबेसमधला डेटा पुसून खंडणी मागितली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या वर्मला पोर्ट ४४५ पुरला. शोडन हे उघड्या सर्व्हरांचं शोधयंत्र २००९ पासून हे सगळं शोधून ठेवतंच आहे, आणि २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या झेडमॅप या स्कॅनरने एका पोर्टसाठी अख्खं आयपीव्ही४ इंटरनेट ४५ मिनिटांत पालथं घालून दाखवलं.

आज बाहेरून पाहण्याची सर्वांत जास्त गरज पडते ती डॉकरमुळे (प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन). सर्व्हरवर यूएफडब्ल्यू ही लिनक्सची फायरवॉल चालू आहे, फक्त २२ आणि ४४३ ला परवानगी आहे. कोणीतरी चाचणीसाठी पोस्टग्रेस या डेटाबेसचा कंटेनर ५४३२ पोर्ट देऊन उठवतो. डॉकर लिनक्सच्या मूळ पॅकेट-गाळणीत (आयपीटेबल्स) स्वतःचे नियम घालतो आणि येणारं पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. आत स्टेटस पाहिलं तर फायरवॉल ठीक, घरच्या लॅपटॉपवरून एनमॅप मारला तर डेटाबेस उघडा. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ हा मशीनचा स्वतःपुरता पत्ता लिहिला असता तर तो त्या मशीनपुरताच राहिला असता.