भारजा नदी कुठे संपते, केळशीची खाडी कुठे सुरू होते?

दापोली तालुक्यातल्या केळशीला आलेला पाहुणा खाडीवरच्या पुलावर थांबून विचारतो, "ही कुठली नदी?" कुणी सांगतं भारजा. कुणी म्हणतं, नदी कसली, ही खाडी. दोघांचंही बरोबर, कारण पाणी एकच. मंडणगड तालुक्यातून वाहत येते ती भारजा आणि ती समुद्राला मिळते तिथे केळशीची खाडी. पण म्हणून ही एकाच वस्तूची दोन नावं नव्हेत.

नदी उतारानं चालते, कायम एका दिशेनं. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा माघारी फिरतं. पुलाखालचं नारळाचं सोडण बघत राहा: ओहोटीत समुद्राकडे निघालेलं सोडण भरती लागली की तरंगत परत आत येतं. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. मुखाशी वाळू साचलेली असली की होडी आत घ्यायला हेच गणित लागतं. नदीकाठच्या माणसाला पंचांग पावसापुरतं, खाडीकाठच्याला ते रोज.

दुसरी खूण झाडांची. पऱ्याच्या (ओढ्याच्या) आणि नदीच्या काठाला करंज, उंबर. जिथे तिवर, म्हणजे खारफुटी, दिसायला लागली तिथे खारं पाणी पोचतं असं समजा. तिवरीचं पान जिभेला लावून बघा, खारट लागतं; आत गेलेलं मीठ ते झाड पानांवाटे बाहेर टाकतं.

मात्र दोघींमध्ये रेघ ओढता येत नाही. आषाढात भारजा भरून आली की गढूळ गोडं पाणी खाऱ्याला मुखाकडे रेटतं. चैत्र-वैशाखात नदी आटते आणि खारं पाणी आत चढतं. ते जड असल्यामुळे तळानं सरकतं. वरचं पाणी मचूळ लागतं तेव्हा खालचं चांगलंच खारट असतं. म्हणून तर भातशेतीला खारबांध, म्हणजे खारं पाणी अडवणारे बांध, हवेत. बांध फुटला की त्या जमिनीत पुढचं पीक धड येत नाही.

मुळात खाडी म्हणजे बुडालेली नदीच. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होता. बर्फ वितळलं, पाणी वर आलं आणि कोकणातल्या नद्यांच्या दऱ्यांची तोंडं भरून गेली. बाणकोट, दाभोळ, जयगड या मोठ्या खाड्या तशाच झाल्या.

केळशीत याहून मोलाची गोष्ट आहे: खाडीच्या मुखाजवळची वाळूची टेकडी. तिच्या पोटात खापरं, माणसांची हाडं आणि पंधराव्या शतकातली बहमनी नाणी सापडली. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी ही टेकडी त्सुनामीच्या लाटेनं आणून टाकली असावी, असं मत मांडलं. भारजेच्या गाळातून अशी टेकडी उभी राहिली नसती. ही वाळू समुद्राकडून आली, ज्या बाजूनं भरती येते त्याच बाजूनं.