डॉयल ब्रन्सन

डॉयल ब्रन्सन (१० ऑगस्ट १९३३ – १४ मे २०२३) हे मोठ्या रकमांच्या पोकरमधले सर्वांत नामांकित अमेरिकन खेळाडू. जगभरचे पोकरपटू त्यांना ‘टेक्सस डॉली’ म्हणून ओळखत. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा जिंकली आणि या मालिकेत एकूण दहा विजयकंकणे (स्पर्धा जिंकणाऱ्याला मिळणारी कंकणे) मिळवली. स्पर्धांमधून दहा लाख डॉलर कमावणारे ते पहिले खेळाडू. मात्र या खेळातले त्यांचे स्थान एवढ्यावर ठरत नाही. मागच्या खोल्यांत, दारे लावून खेळल्या जाणाऱ्या डावांतले जे शहाणपण ज्याच्या त्याच्या डोक्यातच राहायचे, ते त्यांनी हातचे न राखता लिहून काढले. आजचे पोकर ज्या पद्धतीने खेळले जाते, तिचा उगम बऱ्याच अंशी त्या लिखाणात आहे.

त्यांचा जन्म पश्चिम टेक्ससमधल्या लाँगवर्थ या अगदी लहान वस्तीतला. शाळेत असताना पत्त्यांपेक्षा धावण्यात आणि बास्केटबॉलमध्ये त्यांचे नाव होते. १९५० मध्ये त्यांनी टेक्ससच्या आंतरशालेय स्पर्धेत एक मैलाची शर्यत ४ मिनिटे ४३ सेकंदांत जिंकली. ॲबिलीनच्या हार्डिन-सिमन्स विद्यापीठात ते बास्केटबॉल खेळले, आणि मिनीऑपलिस लेकर्स या व्यावसायिक संघाचे त्यांच्याकडे लक्ष होते. एका सुट्टीत ते जिप्समच्या कारखान्यात कामाला गेले. तिथे भिंतींसाठी वापरायच्या जिप्समच्या जड पत्र्यांची थप्पी घसरून त्यांच्या पायावर आली आणि पाय दोन ठिकाणी मोडला. खेळाडू म्हणून पुढची वाट तिथेच बंद झाली. उतारवयात ते काठी आणि कुबडी घेऊन, पुढे चाकांच्या स्कूटरवरून टेबलापाशी यायचे, त्याची सुरुवात या अपघातात होती.

शिक्षण मात्र त्यांनी पुरे केले. १९५४ मध्ये पदवी घेतली आणि शैक्षणिक प्रशासनात पदव्युत्तर पदवीही मिळवली. शाळेचे मुख्याध्यापक व्हायचा विचार होता, पण त्यात मिळणारा पगार तुटपुंजा होता. म्हणून त्यांनी कार्यालयीन यंत्रे विकण्याची नोकरी धरली. त्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांना पोकरच्या एका डावाला बोलावणे आले आणि तीन तासांच्या आत महिन्याच्या पगारापेक्षा जास्त रक्कम त्यांच्या खिशात आली. थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरीला रामराम ठोकला.

पुढची वर्षे रस्त्यावरची होती. फोर्ट वर्थमधल्या एक्स्चेंज नावाच्या रस्त्यावर चोरून चालणाऱ्या अड्ड्यांवर ते आधी खेळले. मग ‘अमॅरिलो स्लिम’ म्हणून प्रसिद्ध झालेले थॉमस प्रेस्टन आणि ब्रायन ‘सेलर’ रॉबर्ट्स या दोघांबरोबर टेक्सस, ओक्लाहोमा आणि लुइझियाना पालथे घातले. तिघांचा पैसा एकत्र, गाडी एक, आणि जिथे डाव असेल ते गाव मुक्कामाचे. अशा खेळात पाने चांगली येणे ही सर्वांत लहान काळजी असायची. डाव फसवणुकीचा नाही ना, हे आधी ओळखायचे. जिंकलो तर समोरचा पैसे देईल ना, हे पाहायचे. पोलिसांची धाड पडली तर निसटायचे, आणि रात्री पैसे घेऊन बाहेर पडताना बंदूक रोखून कोणी वाटेत उभा राहील, हेही धरून चालायचे. माणूस वाचण्याची जी कला पुढे ब्रन्सन यांच्या खेळात दिसली, ती या वर्षांत घडली असे मला वाटते. हे तिघे पहिल्यांदा एकत्र लास व्हेगासला गेले तेव्हा साऱ्या भांडवलासकट हरले आणि भागीदारी मोडली. मैत्री टिकली. पुढे तिघेही वर्ल्ड सिरीजचे विजेते झाले.

१९६२ मध्ये लुईझ यांच्याशी त्यांचे लग्न झाले. काही महिन्यांतच त्यांच्या मानेवरची गाठ कर्करोगाची निघाली. रोग पसरलेला होता आणि डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. लुईझना दिवस गेले होते. निदान बाळाचे तोंड पाहता यावे एवढ्या आशेने शस्त्रक्रिया केली, आणि तीनंतर रोगाचा मागमूस राहिला नाही. त्या बाळाचे, डॉयला या मुलीचे, १९८२ मध्ये अठराव्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले. ब्रन्सन बराच काळ टेबलापासून दूर राहिले आणि ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. पत्त्यांतल्या मोठ्या हारजितीबद्दल शांतपणे बोलणारा हा माणूस या एका गोष्टीबद्दल अखेरपर्यंत हळवा होता.

१९७० मध्ये बेनी बिनियन यांनी लास व्हेगासच्या आपल्या हॉर्सशू कॅसिनोत वर्ल्ड सिरीज सुरू केली. सुरुवातीची काही वर्षे ती मूठभर ओळखीच्या जुगाऱ्यांचा मेळावाच होती. १९७६ च्या मुख्य स्पर्धेत २२ जण होते. प्रत्येकाने १०,००० डॉलर भरले होते आणि सगळे २,२०,००० डॉलर एकट्या विजेत्याला मिळणार होते. खेळ होल्डेमचा: हातातली दोन पाने स्वतःची, टेबलावरची पाच सर्वांची. शेवटच्या डावात ब्रन्सन यांच्यासमोर जेसी ऑल्टो होते. ऑल्टोंकडे एक्का आणि गुलाम, ब्रन्सनकडे दश्शी आणि दुर्री. टेबलावर पहिली तीन पाने पडली ती एक्का, गुलाम, दश्शी. म्हणजे ऑल्टोंच्या दोन मोठ्या जोड्या झाल्या. चौथे पान दुर्री. ब्रन्सनच्याही दोन जोड्या झाल्या, पण हलक्या. पाचवे पान दश्शी निघाले: तीन दश्श्या, दोन दुर्र्या, म्हणजे दोन जोड्यांहून वरचढ असे फुल हाउस.

पुढच्या वर्षी ३४ खेळाडू आणि ३,४०,००० डॉलर होते. शेवटचे प्रतिस्पर्धी गॅरी बर्लंड, त्यांच्याकडे अठ्ठी-पंजी. ब्रन्सनच्या हातात पुन्हा दश्शी-दुर्री! टेबलावर दश्शी, अठ्ठी, पंजी पडली आणि बर्लंड पुढे गेले. चौथी दुर्री आली, तिने ब्रन्सनना पुढे आणले. पाचवी पुन्हा दश्शी. सलग दोन वर्षे तीच दोन पाने, तेच फुल हाउस. तेव्हापासून दश्शी-दुर्रीच्या जोडीला पोकरपटू ‘डॉयल ब्रन्सन’ म्हणतात. गणिताने ही पाने टाकून देण्याच्या लायकीची आहेत. कुठलाही शहाणा खेळाडू, खुद्द ब्रन्सनसुद्धा, ती सांभाळून ठेवायचा सल्ला देणार नाही. ‘डॉली’ हे टोपणनावही असेच चुकून चिकटले. पैजांचे जाणकार जिमी ‘द ग्रीक’ स्नायडर यांना ‘टेक्सस डॉयल’ म्हणायचे होते, तोंडून उच्चार भलताच गेला आणि वार्ताहरांनी तोच छापला.

या दोन विजयांनंतर १९७८ मध्ये त्यांनी स्वतःच पुस्तक छापले. पुढे ते ‘सुपर/सिस्टिम’ या नावाने प्रसिद्ध झाले. सहाशेहून अधिक पाने आणि त्या काळी १०० डॉलर किंमत. पोकरच्या प्रत्येक प्रकारासाठी त्या प्रकारातला जाणकार निवडला होता: सात पानी स्टडवर चिप रीस, मर्यादित बोलीच्या होल्डेमवर बॉबी बाल्डविन, ड्रॉ पोकरवर माइक कॅरो, स्टडच्या हाय-लो प्रकारावर डेव्हिड स्क्लान्स्की, लोबॉलवर जोई हॉथॉर्न. अमर्याद बोलीचे होल्डेम ब्रन्सन यांनी स्वतःकडे ठेवले.

होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पालथी पाने मिळतात आणि टेबलावर पाच पाने सर्वांसाठी उघडी पडतात. आधी तीन, मग एक, मग आणखी एक, आणि प्रत्येक टप्प्याला बोली. अमर्याद बोलीत कोणत्याही क्षणी समोरचा सगळा पैसा लावता येतो. दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्याला ‘हूल देणे’ समजावून सांगावे लागत नाही. ब्रन्सन यांनी मात्र ती अधूनमधून करायची गंमत न ठेवता तिच्यावर सगळी पद्धत उभी केली. त्यांचे म्हणणे असे. चांगल्या पानांची वाट पाहत बसणारा थोडे हरतो, पण जिंकतोही थोडेच. तुम्ही सतत बोली वाढवत राहिलात, तर समोरचे वैतागून पाने टाकतात आणि छोटे छोटे पॉट (टेबलावर मधोमध जमलेला बोलीचा पैसा) लढाईशिवाय पदरात पडतात. तो पैसा साठला की त्याच्या जोरावर, एकाच रंगाची लगतची छोटी पाने हातात असतानाही मोठी उडी घेता येते. फसली तर आधीची मिळकत गेली. साधली तर समोरच्याच्या साऱ्या चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या सोंगट्या) आपल्या, कारण असल्या पानांचा त्याला संशयही येत नाही. आज हे कुठल्याही नवशिक्याला ठाऊक असते. तेव्हा ते छापलेले वाचणे म्हणजे नावाजलेल्या खेळाडूच्या मागे उभे राहून त्याचा हात पाहण्यासारखे होते. परिणाम व्हायचा तो झाला. लोक त्यांच्याच युक्त्या त्यांच्यावर चालवू लागले, आणि या पुस्तकाने मिळवून दिले त्याहून जास्त घालवले, असे ब्रन्सन पुढे सांगत. तरीही २००५ च्या सुमारास त्यांनी दुसरा खंड काढला.

स्पर्धा हा त्यांच्या जगण्याचा लहान भाग. रोजचे काम म्हणजे लास व्हेगासमधला ‘बिग गेम’. बेलाजिओ कॅसिनोतल्या ‘बॉबीज रूम’ या काचेच्या दालनात (नाव बॉबी बाल्डविन यांच्यावरून) ४,००० आणि ८,००० डॉलरच्या बोलीचे निरनिराळे प्रकार आळीपाळीने चालत. एका बैठकीत लाखो डॉलर इकडचे तिकडे होत. डॅलसचे बँकमालक अँडी बील व्यावसायिकांना एकेकटे गाठून खेळायला आले, तेव्हा बोली १,००,००० आणि २,००,००० डॉलरपर्यंत चढली. ती एकट्याने पेलणे कुणालाही झेपणारे नव्हते, म्हणून खेळाडूंनी पैसा एकत्र करून गट उभारला. त्यात ब्रन्सन होते. गोल्फवरही ते मोठ्या पैजा लावत.

१९८८ मध्ये पोकरच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. २००४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, वर्ल्ड पोकर टूरची एक स्पर्धा जिंकून त्यांनी दहा लाखांहून अधिक डॉलर मिळवले. २००५ मध्ये दहावे कंकण आले. काही दिवस आधी जॉनी चॅन यांनी दहाचा आकडा गाठला होता. पुढे फिल हेलम्युथ दोघांच्याही पुढे गेले. त्याच वर्षी मुलगा टॉड ब्रन्सन यानेही एक कंकण जिंकले. बाप आणि लेक दोघांकडे कंकण असण्याची ती पहिलीच वेळ.

२०१८ च्या उन्हाळ्यात, ८४ व्या वर्षी, आता स्पर्धा पुरे, घरी पत्नीजवळ वेळ घालवायचा, असे त्यांनी जाहीर केले. त्या दिवशी चालू असलेल्या ‘ड्यूस टू सेव्हन’ प्रकारच्या स्पर्धेत ते सहावे आले. २०२१ मध्ये पांढरी काउबॉय टोपी घालून ते पुन्हा वर्ल्ड सिरीजच्या टेबलाशी बसले. लास व्हेगासमध्ये ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. टॉड यांना २०१६ मध्येच हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले होते.