मिल बंद झाली तेव्हा विचारायचं कोणाला? नागपुरातल्या गरिबीची पार्श्वभूमी

नागपुरात एखादं घर तीन पिढ्या गरीब राहिलं की लोक लगेच म्हणतात, शिकले नाहीत, मेहनत नाही केली, दारूत घालवलं. मला हे बिलकूल पटत नाही. या शहरात कष्टाच्या माणसाला काम कायम ओळखीनेच मिळालंय, आणि ती ओळख कोणाकोणाशी होती हे बघितल्याशिवाय बाकी बोलण्यात अर्थ नाही.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस ही कापड गिरणी सुरू झाली, पुढे मॉडेल मिल आली. त्या काळच्या मिलमध्ये जाहिरात, इंटरव्ह्यू असलं काही नसायचं, जॉबर, म्हणजे मिलचा मुकादम, माणसं आणायचा, तो आपल्या गावचे, जातीचे, नात्यातले आणायचा, मग बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, लागलेला पोरगा पर्मनंट झाला की तो आपल्या साळ्याला घेऊन यायचा, अशाने एका खात्यात एकाच वस्तीची माणसं भरायची. खोली, उसने पैसे, भिशी, आजारपणात धावून येणं, सगळं त्याच ओळखीतलं. एम्प्रेसमध्ये तर १८८६ मध्येच पेन्शन फंड सुरू झाला होता, म्हणजे एकदा आत गेला की घर मार्गी लागलं.

पण जो आत नाही त्याचं काय? मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथंच अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय तर तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होतो. बाबासाहेबांनी १९२०च्या दशकात हा प्रश्न उघड मांडला.

कामठीच्या बिडी कामगारांचं आणखी वेगळं. ठेकेदार पान-तंबाखू द्यायचा, बाया घरीच बिड्या वळायच्या, खराब म्हणून काढलेल्या बिड्यांचे पैसे जायचे. त्या बाईची कामातली ओळख म्हणजे ठेकेदार आणि शेजारची तशीच बिडी वळणारी बाई, बस. कामठीचेच दलित नेते बाबू हरदास यांनी या लोकांची संघटना बांधली ते म्हणूनच मला फार मोठं काम वाटतं. १९३९ मध्ये ते गेले, पस्तिशीतच.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज तिथं मॉल आहे. बाप काका मामा शेजारी सगळे एकाच मिलमध्ये, मग एकाच वेळी सगळे घरी, काम कुठं आहे विचारायचं तर ज्याला विचारणार तोही रिकामाच, उसने मागायचे तर त्याच्याकडेही नाही. लोकं एकमेकांना धरून होती हो, पण धरलेल्या सगळ्यांचीच अवस्था सारखी होती.

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी मुंबईत दादरच्या शाळांमधल्या मुलांचा अभ्यास केला, २००६ मध्ये तो छापून आला. कष्टकरी जातींतले मुलगे मराठी शाळेत जाऊन बापाच्याच ओळखीच्या कामात शिरत राहिले, मुलींना त्या ओळखीचा फायदा कधी नव्हताच म्हणून त्या इंग्रजी शाळेकडे वळू लागल्या. आधार देणारी ओळखच पोराला तिथंच बांधून ठेवते, हे वाचून मला फार लागलं. अमेरिकेत राज चेट्टी आणि त्यांच्या टीमने २०२२ मध्ये सात कोटींवर फेसबुक वापरणाऱ्यांच्या मैत्रीचा डेटा तपासला, तर गरीब घरातल्यांची मैत्री जिथं पैसेवाल्या घरातल्यांशी जास्त, तिथं गरिबांची मुलं मोठेपणी जास्त वर गेलेली दिसली.

नागपुरातही हे घडलंय ना! १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शिक्षणाचा जो ध्यास लागला, कॉलेजं, होस्टेलं उभी राहिली, आरक्षणातून कोणी रेल्वेत, कोणी ऑर्डनन्स फॅक्टरीत लागला, तेव्हा फॉर्म कधी निघतो, कुठला कागद लागतो हे सांगणारा माणूस पहिल्यांदा गल्लीत आला. ज्या वस्तीत असा माणूस नाही तिथली पोरं आजही सकाळी रोजंदारीच्या मजुरांच्या ठिय्यावर उभी राहतात, आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत, मिहानच्या कंपन्यांमध्ये जागा निघाल्याचं त्यांना भरती झाल्यावर कळतं.