सुकलेलं लाकूड आणि न हलणारं लाकूड

पेटीचं झाकण थंडीत मधोमध चिरलं की दोष लगेच लाकडाला लागतो: ओलं होतं, नीट सुकवलं नव्हतं. कधी ते खरंही असतं. पण उत्तम सुकवलेल्या सागाचं झाकणसुद्धा तसंच चिरतं, आणि तेव्हा चूक बसवण्यात झालेली असते. लाकडाचं सुकणं वेगळं आणि लाकडाचं हलणं वेगळं. सुकणं एकदा होतं आणि संपतं. हलणं मात्र ते लाकूड आहे तोवर चालू राहतं.

आधी सुकण्याचं पाहू. ताज्या लाकडात पाणी दोन जागी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी आधी जातं; त्याने वजन उतरतं, माप तेवढंच राहतं. ओलावा २८ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि फळी आकसते. साग पूर्ण ओला असताना आणि अगदी कोरडा झाल्यावर मोजला, तर खोडातल्या वाढीच्या वलयांच्या कडेने तो सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत इतका कमी की सुताराने तो हिशेबात धरू नये. परड्यातला फणस तोडून महिन्याभरात त्याची पेटी केली तर हे सगळं आकसणं पेटीतच होतं. तळाशी पडलेली फट पुढच्या पावसातही पूर्ण मिटत नाही. यावर उपाय एकच, थांबणं: सावलीत, वाऱ्यावर, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी रचून ठेवायची.

आता हलणं. सुकलेलं लाकूड हवेतला दमटपणा घेतं आणि परत देतं. तीस अंश तापमानात हवेची आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो; तीच ८५ टक्के झाली की तो १७-१८ पर्यंत चढतो. मिरग लागल्यापासून नवरात्रापर्यंत आपल्या कोकण किनाऱ्यावर हवा अशीच जड असते, आणि पौष-माघात त्यातला बराच दमटपणा उतरतो. माजघराचं दार आषाढात अडकतं, कुणीतरी त्याला रंधा मारतं, आणि जानेवारीत त्याच दाराच्या कडेतून उजेड दिसतो. हे दार पन्नास वर्षांपूर्वीच सुकलेलं असतं. तरीही ते हलतं.

म्हणूनच 'जुन्या घराचं सागवान आहे, ते आता मेलंय, हलणार नाही' हे ऐकलं की मला राहवत नाही. जुन्या तुळईच्या फळ्यासुद्धा पावसाळ्यात फुगतात. भट्टीत सुकवलेलं लाकूडही फुगतं. पॉलिशने हा वेग कमी होतो, हालचाल बंद होत नाही.

फळी किती हलते, हे आधी काढता येतं. सागाची ३०० मिलिमीटर रुंद फळी घ्या, सपाट कापाची, म्हणजे वलयं रुंदीला जवळपास समांतर. ओलावा पाच टक्क्यांनी बदलला तर ती रुंदीत जवळपास ३ मिलिमीटर बदलते. तीच फळी उभ्या कापाची, म्हणजे वलयं रुंदीला जवळपास काटकोनात, असेल तर दीड. रुंद झाकणासाठी उभा काप शोधून आणावा, असं मी आग्रहाने सांगतो. वखारीत तो महाग पडतो, पण पैसे वसूल होतात.

झाकण म्हणजे चौकट आणि तिच्या खाचेत बसवलेली फळी असेल, तर चौकटीच्या पट्ट्या लांबीत वाढत नाहीत, आणि आतली फळी रुंदीत वाढते. भांडण इथेच आहे. फळी चारही कडांना फेव्हिकॉल लावून खाचेत घट्ट बसवली, तर पावसात तिला जायला जागा नसते: एकतर ती चौकटीचे कोपरे उघडते, नाहीतर तिच्या स्वतःच्या पेशी दाबून चिरडल्या जातात. हा दुसरा प्रकार फसवा आहे, कारण श्रावणात सगळं छान घट्ट दिसतं. चिरडलेल्या पेशी परत पूर्वीसारख्या होत नाहीत, त्यामुळे थंडीत फळी मूळ मापापेक्षाही अरुंद होते. कडा डिंकाने धरलेल्या, मग ती मधोमध फाटते.

त्यामुळे फळी खाचेत मोकळी ठेवायची. खाच ८ ते १० मिलिमीटर खोल, आणि डिंक फक्त फळीच्या लांबीच्या दोन टोकांकडच्या कडांच्या मध्यावर एक ठिपका, म्हणजे हालचाल दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. फेब्रुवारीत जोडत असाल तर वर हिशेबात घेतलेल्या ३०० मिलिमीटरच्या फळीला दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. जुलैत जोडत असाल तर फळी आधीच फुगलेली आहे, जागा नावापुरती पुरे. मात्र थंडीत ती खाचेतून निसटणार नाही इतकी आत जायला हवी. आणि पॉलिश करायचं ते फळी चौकटीत बसवण्याआधी, फळीच्या कडांसकट. नाहीतर पौषात कडेला बिनपॉलिशची पांढुरकी रेघ दिसते.

झाकणाखाली आडव्या पट्ट्या मारायच्या असतील तर मधला स्क्रू घट्ट आणि टोकांच्या स्क्रूंची भोकं लांबट करावीत. पेटीच्या चारही बाजूंच्या फळ्यांतल्या लाकडाच्या रेषा आडव्या असतील तर त्या फळ्या एकत्रच उंचीत वाढतात, तिथे चिंता नाही. तळाला प्लायवूड असेल तर तोही सरळ चिकटवा. त्याचे आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात.

आपल्या पेटीत नेमकं काय झालं हे कळायला पेन्सिल पुरते. फळी जिथे चौकटीत शिरते तिथे आत्ता एक बारीक रेघ मारा. आषाढात रेघ खाचेत शिरली आणि माघात बाहेर आली, तर लाकूड नीट आहे, ते हलतंय. त्याला जागा द्या. रेघ एकाच दिशेने बाहेर सरकत राहिली आणि पावसातही परतली नाही, तर लाकूड अजून सुकतंय, किंवा आधी सांगितल्याप्रमाणे दाबलं गेलंय.

पेटी घाटावर जाणार असेल तर हिशेब बदलतो. पुण्यात एप्रिलमधली दुपार आपल्या थंडीपेक्षाही कितीतरी कोरडी असते, आणि रत्नागिरीत बसवलेली फळी तिथे इथल्यापेक्षा जास्त आकसते. अशा पेटीसाठी खाच आणखी दोन-तीन मिलिमीटर खोल घ्या, आणि फळीही तेवढी जास्त आत जाऊ द्या.