लाल तार म्हणजे उणे १२

१९६०च्या दशकात रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांनी मॉड्यूलर सिंथेसायझर, म्हणजे सुटे खण तारांनी जोडून आवाज घडवणारी इलेक्ट्रॉनिक वाद्यं, बांधले, तेव्हा पॉवर सप्लायही तेच द्यायचे. कॅबिनेट घेतलं की विजेची काळजी त्यांची. सत्तरच्या दशकात किट आणि सर्किटचे नकाशे हातोहात फिरू लागले, तशी ती काळजी घरी सोल्डरिंग करणाऱ्याच्या गळ्यात पडली. आवाजाची लहर शून्याच्या वर-खाली हलते, म्हणून ती वाढवणाऱ्या ऑप-अँप चिपला धन आणि ऋण असे दोन्ही व्होल्टेज देतात. कुणी ±१५ घेतले, कुणी ±१२. कनेक्टरचं तर विचारूच नका.

१९९५च्या सुमारास जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी ए-१०० ही मालिका आणली. पुढे तिच्या मापाच्या सगळ्याच मॉड्यूलना युरोरॅक म्हणू लागले. ±१२ व्होल्ट आणि कॉम्प्युटरच्या आत असायची तसली चपटी रिबन केबल: स्वस्त, सहज मिळणारी, घरीही दाबून जोडता येणारी. घोळ त्याच केबलीत आहे. तिच्या कडेची लाल तार पहिली पिन दाखवते, एवढंच. आणि इथे पहिली पिन उणे १२ची. लाल म्हणजे धन हे हाताला इतकं मुरलेलं असतं की केबल हमखास उलटी बसते. दहा पिनांच्या कनेक्टरमध्ये मधले ग्राउंड जागच्या जागी राहतात, फक्त धन-ऋणाची अदलाबदल होते. आतल्या आयसी (चिप) जळायला तेवढं पुरतं; जळका वास येईपर्यंत कळतही नाही. एकाच बाजूने बसणारं खाचेचं कनेक्टर आणि धन-ऋण अशा दोन्ही वाटांवर उलटी वीज अडवणारा एकेक शॉट्की डायोड, हा उपाय आता सर्रास दिसतो. माझ्या मते तो पहिल्या दिवसापासून हवा होता.

घरी बनवलेल्या जुगाड सप्लायमध्ये घरच्या विजेची बाजू उघडायचीच नाही. १२ व्होल्ट एसी देणारा बंद अ‍ॅडॅप्टर घ्यावा. पुढे एसीतून धन आणि ऋण बाजू वेगळ्या काढणारे दोन डायोड, चढउतार सपाट करणारे मोठे कपॅसिटर, आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारे धन १२चा ७८१२ व उणे १२चा ७९१२. हे दोन रेग्युलेटर दिसायला जुळे, पण ७८१२ची मधली पिन ग्राउंडची, ७९१२ची इनपुटची. पाठीचा धातूचा पत्राही त्याच मधल्या पिनेला जोडलेला. दोघांना एकाच हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) नुसते स्क्रूने आवळले, की ग्राउंड आणि ऋण इनपुट थेट शॉर्ट. मध्ये वीज अडवणारी अभ्रकाची पातळ चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचा वॉशर लागतो.