भरती-ओहोटीचं किट: अंदाजाचा रकाना खोडू नका

पालकहो,

"किटमध्ये बरोबर उत्तरांचा कागद नाही, टाकायचा राहिला का?" असे फोन आम्हाला बाराही महिने येतात. 28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की रोजच. कागद राहिलेला नाही, आम्ही तो ठेवतच नाही.

किट तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. खुणांची काठी धक्क्याला बांधायची, पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढलं आणि किती वाजता उतरायला लागलं, ते पंधरा दिवस लिहायचं. मोठं माणूस सोबत हवंच, आणि पावसाळ्यात हा प्रयोग नको. पाणी बघायला जाण्याआधी मुलाने अंदाज लिहायचा, तोही आपल्या जुन्या आडाख्याने: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती.

घोटाळा होतो तो इथेच. अंदाज जुळला नाही की घरचे मोबाइलवर भरतीच्या वेळा बघून रकाना 'दुरुस्त' करतात. वही सुबक दिसते. मग शाळेत बाई विचारतात, "हे तुला कसं कळलं?" आणि मूल गप्प. त्यानंतर आम्हाला फोन, नवी वही पाठवा म्हणून.

रत्नागिरीतल्या चौथीच्या एका मुलीचं पान आम्ही जपून ठेवलंय. अंदाज तीनचा, पण पाणी त्याच्या बरंच आधी उतरणीला लागलं. तिने आधी घड्याळावर संशय घेतला, दुसऱ्या दिवशी घड्याळ जुळवून नेलं. तरी तेच. तिसऱ्या दिवशी तिने लिहिलं: "चुकलं, पण रोज साधारण तेवढंच चुकतं." मग आजोबांना विचारलं, हा आडाखा कुठल्या बंदराचा? ते म्हणाले, मुंबईचा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, हे दोन्हीकडे सारखंच. पण प्रत्येक बंदराची वेळ आपापली, आणि खाडीत आत जावं तशी भरती उशिरा पोचते. पहिला अंदाज खोडला असता तर हा प्रश्न तिला पडलाच नसता.

म्हणूनच किटमध्ये पेन आहे, पेन्सिल नि खोडरबर नाही. शाळेमुळे दुपारची भरती हुकली, तर तो रकाना कोरा राहू द्या.

काठी घरच्या बांबूची केलीत तरी चालेल, खुणा कशा मारायच्या ते दुकानात दाखवू. सुटी वहीही मिळते. मात्र येताना जुनी घेऊन या. बहुतेक वेळा तीच पुढे चालवता येते.